ओळखीची तारीख

माझ्या भावाला घरात दोन नावं होती. जेवणाच्या टेबलाशी तो 'बाबा' आणि कामाच्या खोलीत 'सर'. हा कायदा त्याने पोटच्या पोरीला लावला होता, आणि तोही तिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा. एकदा भिंगाखाली फूल बघता बघता ती आनंदाने ओरडली, "बाबा, याला सहा पाकळ्या आहेत!" त्याने तिला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि टकटक करून आत येऊन "सर, याला सहा पाकळ्या आहेत" असं म्हणायला लावलं. पाकळ्या सहाच होत्या. त्याबद्दल तो काही बोलला नाही.

मी त्याची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे. नवरा गेल्यावर सामान घेऊन याच्या दारात उभी राहिले, तेव्हा वहिनी जाऊन बरेच दिवस झाले होते. भावाने आसरा दिला असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. याला फुकटची शिवणारीण मिळाली, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दादा वनस्पतींचा शास्त्रज्ञ. दाबून वाळवलेली झाडं जाड कागदावर दोऱ्याने टाचून ठेवायची असतात, ते काम माझ्या गळ्यात पडलं. एकदा टाचता टाचता मी विचारलं, हे पान असं दुमडून का ठेवलंय? तर म्हणाला, "तुझं काम दोऱ्याचं. डोळ्यांचं काम करायला माणसं आहेत."

माणसं म्हणजे ती पोरगी. तिला सगळे चिमटी म्हणायचे. नाव त्यानेच ठेवलेलं, कारण लोखंडी चिमट्याने उचलली की पाकळी फाटायची आणि हिच्या बोटांनी फाटायची नाही. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. मोठी होऊन तीही तेच शास्त्र शिकली, बापापेक्षा जास्त मार्क मिळवून शिकली, आणि परत येऊन त्याच टेबलाच्या त्याच बाजूला बसली.

लांबच्या एका ग्रंथालयात काचेच्या पेटीत एक जुनं हस्तलिखित आहे. आमच्या घरात त्याला बाड म्हणायचे. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, देव जाणे. त्यातली लिपी कुणाच्या बापाला वाचता आलेली नाही. पण पानोपानी झाडांची रंगीत चित्रं आहेत, मुळापासून शेंड्यापर्यंत. काही झाडं बघताक्षणी ओळखू येतात, काही बघून वाटतं की काढणाऱ्याला ताप चढला होता. त्या बाडातलं झाडन् झाड ओळखायचं आणि त्याचं पुस्तक करायचं, हा दादाचा जन्माचा ध्यास. फोटो मागवून मागवून त्याने खोलीची एक भिंत भरून टाकली होती. आमच्याकडे कुणी 'पान' म्हटलं की आधी विचारावं लागायचं, झाडाचं की बाडाचं?

झाड ओळखायची या लोकांची एक रीत असते, तिला ते किल्ली म्हणतात. किल्ली म्हणजे नुसते प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. पानं समोरासमोर की एकाआड एक? कडा सरळ की दातेरी? खोड गोल की चौकोनी? एकेक उत्तर देत गेलं की शेवटी नाव हाती येतं, आणि एक जरी चुकलं तर माणूस भलत्याच घरात शिरतो. दादाच्या अंगात ही किल्ली इतकी मुरली होती की संसारातही तो तसाच बोलायचा. चहा की कॉफी? खिडकी उघडी की बंद? चिमटी रडत बसली असली तर, "डोकं दुखतंय की नाटक?" तिसरं उत्तर त्याला चालायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. झाडाची ओळख पटली की कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी चिकटवतात. झाडाचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव आणि ओळख पटली ती तारीख. या तारखेच्या बाबतीत दादा भलताच सोवळा. "नाव चुकलं तर तो अडाणी, तारीख चुकवली तर तो चोर," हे वाक्य त्याने व्याख्यानांत इतक्यांदा म्हटलं होतं की मला झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. पुस्तकातही प्रत्येक चित्राखाली ही चिठ्ठी छापायची असं त्याचं ठरलेलं होतं. दुसऱ्यांच्या मागच्यापुढच्या तारखा हुडकून त्याने दोन-चार जणांची चारचौघांत चंपीही केली होती.

मग त्याचे डोळे जायला लागले. आधी मधलं दिसेनासं झालं. कडेकडेने दिसायचं, म्हणून तो मान तिरकी करून बघायचा, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासारखा. तेव्हापासून चिमटी बघायची आणि तो ओळखायचा. तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा, ती भिंगाखाली फोटो धरायची, मी कोपऱ्यात टाचत असायचे.

"पानं?"

"समोरासमोर, सर."

"देठ?"

"आखूड."

"लव?"

"खालच्या बाजूने."

आणि मग दादा नाव सांगायचा. हुशार होता, यात वादच नाही. सभांमध्ये तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "हे माझे डोळे." लोक टाळ्या वाजवायचे. तिचं नाव त्याने कधी घेतलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

बाडातली झाडं एकेक करून संपली आणि एकच राहिलं, अगदी शेवटच्या पानावरचं. ते मात्र कुठल्याच किल्लीत बसेना. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, दातेरी, म्हणजे तुळशीच्या गोतातलं. पण फुलं भलतीच. पांढरी, बारकी, पाच पाकळ्यांची, खोडाला चिकटून गुच्छ केलेली. तुळशीच्या सात पिढ्यांत कुणाला अशी फुलं आलेली नाहीत, असं चिमटी म्हणायची. शिवाय त्या झाडाला एक दोरा गुंडाळलेला होता. पिवळट, बारीक, खोडाभोवती वेढे घेत वर गेलेला. जुने वैदू पाला जुडी बांधून वाळवायचे, चित्रकाराने जे समोर होतं ते दोऱ्यासकट काढलं, असं सगळेच धरून चालले होते. या लोकांचा पहिला धडाच तो असतो. आधी दोरा सोडा, मग झाड बघा.

अशात चिमटीला पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या वनस्पतिसंग्रहालयाने तिला बोलावलं होतं. स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, दारावर नावाची पाटी. पत्र हातात घेऊन ती घरभर फिरली. मला मिठी मारली, टाचणीची उशी माझ्या मांडीवर होती, ती तिला टोचली तरी सोडेना. दादाला त्या वेळी भिंग धरून थोडंफार दिसायचं. आदल्या दिवशी तो का कोण जाणे फार खुशीत होता, कामाच्या खोलीत चक्क शीळ घालत होता. पत्र ऐकून त्याने भिंग खाली ठेवलं. जेवताना म्हणाला, "जा की. मी कोण अडवणार? एक झाड राहिलंय फक्त. अर्धं टाकून जायचं असेल तर जा."

हाती घेतलेलं काम अर्धं टाकणाऱ्यांतली ती नव्हती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने नकार कळवला. म्हणाली, "एकच तर आहे, आत्या. पटेल ओळख वर्षभरात."

त्याच आठवड्यात दादाने माणूस बोलावून अंगणाभोवतीचं झुडपांचं कुंपण मुळासकट उपटून टाकलं आणि तारा ठोकून घेतल्या. डास होतात म्हणे. वहिनीने हौसेने लावलेलं कुंपण होतं. मी चार शब्द बोलले, त्याने नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले.

त्यानंतर वर्षं गेली. उरलीसुरली नजरही गेली. दर काही दिवसांनी चिमटी टेबलावर शेवटचा फोटो घ्यायची, नवीन काही दिसतंय का बघायची, त्याला सांगायची आणि विचारायची, "पटली का ओळख, सर?"

"अजून नाही," तो म्हणायचा. अगदी मृदू आवाजात म्हणायचा. एरवी त्याचा आवाज इतका मऊ कधी लागायचा नाही.

मध्यंतरी कुठल्याशा शाळेतल्या एका मास्तराने एका नियतकालिकात चार ओळी लिहिल्या. शेवटच्या पानावर एक झाड नसून दोन असावीत, असं मला वाटतं, एवढंच बिचाऱ्याचं म्हणणं. दादाने त्याला छापील उत्तर दिलं: ज्यांना एका चित्रात दोन झाडं दिसतात त्यांनी आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा आणि तोवर पोरांना पाढे शिकवावेत. सगळीकडे हशा पिकला. आंधळ्याने डोळसाला चष्मा सुचवला म्हणून जास्तच पिकला. हे उत्तर टाइप कुणी केलं? चिमटीने. सर म्हणाले म्हणजे झालं. मास्तराने पुन्हा तोंड उघडलं नाही.

आणि मग ते दुसरं पत्र आलं, त्याच संग्रहालयातून. त्या जागेवरची बाई निवृत्त होत होती आणि त्यांना अजूनही चिमटीच हवी होती. महिनाअखेरपर्यंत कळवा, यानंतर ही जागाच राहणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. चिमटीच्या कपाळावरचे केस एव्हाना पांढरे झाले होते, जवळचं वाचायला तिलाच चष्मा लागायला लागला होता. तिने जेवताना पत्र वाचून दाखवलं.

"जा की," दादा म्हणाला. "एक झाड राहिलंय."

तेच शब्द. मीठ मागावं तसे उच्चारले त्याने. माझ्या हातातला डाव खाली आदळला.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा ती आली. चादरीचं एक टोक तिने धरलं, एक मी.

"आत्या, मी सरांशी खोटं बोलणार आहे."

"बोल की. आजवर खरं बोलून काय दिवे लागले?"

"तसं नाही. त्या झाडाबद्दल. ग्रंथालयाने नवे फोटो पाठवलेत, जास्त स्वच्छ. त्यात पानं वेगळी दिसतात म्हणून सांगणार. एकाआड एक. खोड गोल. तेवढ्या दोन उत्तरांनी किल्ली फिरते आणि झाड रानचाकवत ठरतं. फुलं अगदी बसत नाहीत, पण ओढूनताणून बसवता येतात."

"आणि नव्या फोटोत खरं काय दिसतं?"

"तेच. समोरासमोर, चौकोनी." ती चादर झटकत म्हणाली. "मी आयुष्यात कधी पान चुकीचं सांगितलेलं नाही, आत्या. एकदाही नाही."

चादर तारेवर पडली तरी तिने टोक सोडलं नव्हतं. त्याच्यासारखीच होती पोरगी, खोट्याची तिला किळस यायची. मी म्हटलं, "सांगायचंच असेल तर न अडखळता सांग. त्याचे डोळे गेलेत, कान गेले नाहीत."

जेवणं उरकून सगळे कामाच्या खोलीत बसलो. मी मुद्दाम सुईत दोरा ओवत बसले. चिमटीने फोटो टेबलावर मांडले, दिवा ओढून घेतला.

"सर, नवे फोटो आलेत. शेवटच्या पानाचे."

"हं."

"आधीच्या फोटोत आपली फसगत झाली. घडी पडली होती कागदाला. पानं समोरासमोर नाहीत. एकाआड एक आहेत."

दादाने मान वर केली. "पुन्हा बघ."

"बघितलं."

"पुन्हा."

"एकाआड एक आहेत, सर. आणि खोड गोल आहे. चौकोन वाटत होता ती सावली होती." आवाज अगदी सपाट होता तिचा. "कडा दातेरी. फुलं पाच पाकळ्यांची, गुच्छात. मी किल्ली लावून बघितली. रानचाकवत येतो."

दादा हसला. "चाकवत?"

"हो, सर."

"उकिरड्यावर उगवतो तो चाकवत?"

"तोच. मी शेवटचं पान टाइप करून ठेवलंय. तुमचं नाव घालून उद्या पुस्तक छापायला पाठवते, आणि संग्रहालयाला होकार कळवते."

दादाचा चेहरा मला समोरून दिसत होता. आधी त्यावर सावधपणा होता, पत्ते खेळताना माणसाच्या तोंडावर असतो तसा. मग चेहरा लाल होत गेला. जन्मभराच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, त्याच्या नावाखाली, चाकवत! जगभरचे लोक हसणार आणि तेही बरोबर हसणार. गप्प बसावं तर पुस्तकही बुडालं आणि पोरगीही गेली. त्याला मी लहानपणापासून ओळखते. त्याला माणसापेक्षा नाक मोठं.

"चाकवत नाही तो," तो म्हणाला.

"उत्तरं तशीच येतात, सर. पानं एकाआड एक..."

"पानं, पानं काय लावलंयस!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "त्याला पानंच नसतात!"

माझी सुई बोटात गेली. चिमटी हलली नाही. तिच्यासमोर फोटो होता, दिवा होता, आणि फोटोतल्या झाडाला चांगली तळहाताएवढी पानं होती, आंधळ्याने हात फिरवला तरी कळतील अशी.

"कशाला पानं नसतात, सर?" तिने विचारलं.

दादाने मूठ मागे घेतली.

"कशाला?"

तो ओठ चाटायला लागला. मग चिमटीने मान खाली घातली आणि बोट फोटोवर ठेवलं. बोट त्या दोऱ्यावरून फिरत वर गेलं, एकेका वेढ्यावर थांबत. जिथे दोरा खोडाला टेकत होता, तिथे तिथे फुलांचा गुच्छ होता. बोट शेंड्याला पोचलं.

"याला गाठ नाहीये," ती म्हणाली. "दोऱ्याला कुठेच गाठ नाही. आत्या, गाठ मारल्याशिवाय जुडी राहील का?"

"नाही गं," मी म्हटलं. जन्मभर दोरा हाताळला मी, आणि तो फोटो समोर असून मलाही दिसलं नव्हतं.

"अमरवेल," चिमटी म्हणाली. "फुलं अमरवेलीची, पानं खालच्या झाडाची. पान नाही, मूळ नाही. म्हणून आपलं कुंपण काढलंत. कुंपणावर चढायची ती दर वर्षी."

दादा म्हणाला, "अगं, तसं नाही..."

"दोनच उत्तरं, सर." तिने दिवा बंद केला, आता बघायचं काही उरलं नव्हतं. "हे आज कळलं की आधी?"

"आधी."

"डोळे गेल्यावर की डोळे होते तेव्हा?"

"होते तेव्हा."

"माझं पहिलं पत्र आलं त्याच्या आधी की नंतर?"

मला वाटलं, आता तरी खोटं बोलेल. पण तारखेच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे, एवढं एक सोवळं त्याने आयुष्यभर पाळलं होतं.

"आदल्या दिवशी," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो. रात्र मध्ये जाऊ दिली, म्हटलं सकाळी नीट सांगू, गंमत करू. तेवढ्यात तुझं पत्र आलं."

शीळ घालत होता त्या दिवशी. मला आठवलं. एखादा मुळातच दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. हा पोरीला आनंदाने सांगायला निघालेला बाप, आणि मधल्या एका पत्रापायी त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

चिमटी रडली नाही, ओरडली नाही. मी वाट बघत होते की आता ती टेबल उलथवेल. तिने फोटो गोळा करून पाकिटात भरले. तेवढ्यात दादाला कंठ फुटला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात.

"ते काही असो. ओळख मी पटवलीय. कुणाच्याही आधी. पुस्तकात माझं नाव आलं पाहिजे. तुझं घुसडू नकोस तिथे."

"घुसडणार नाही, सर," ती म्हणाली. "चिठ्ठी तुमच्याच नावाची छापते. नियमाप्रमाणे."

"झालं तर मग," दादा म्हणाला, आणि मला चहा टाकायला सांगितलं. सुंठीवाचून खोकला गेला अशा थाटात पाय लांब करून बसला. नियमात आणखी काय येतं, हे त्याच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. माझ्या आलं. मी निमूटपणे चहा टाकला.

महिना संपायच्या आत ती गेली. तिचं सामान एका पेटीत मावलं. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादा दारापर्यंत आला होता, भिंतीला हात लावत. त्याने हात पुढे केला, डोक्यावर ठेवायला. तिने तो हात धरून दाराच्या चौकटीवर ठेवला, म्हणजे त्याचा तोल जाणार नाही.

"जाते, सर," ती म्हणाली.

कामाची खोली लांब होती तिथून. दारात ती नेहमी 'बाबा' म्हणायची. दादाच्या ते लक्षात आलं, कारण रिक्षा वळून गेली तरी तो चौकट धरून उभा होता. मग म्हणाला, "आता तू हो माझे डोळे."

मी म्हटलं, "माझं काम दोऱ्याचं."

पुस्तक छापून आलं ते जाडजूड, गुळगुळीत. दादाने त्याचा वास घेतला, पाठीवर हात फिरवला, वजन केलं. संस्थेत सत्कार ठरला होता, शाल, भाषणं, सगळं. त्याने मला कोट उन्हात घालायला सांगितला. मग संस्थेतून निरोप आला की सभागृह मोकळं नाही, पुढची तारीख कळवू. पुढची तारीख काही आली नाही. त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, मी उचलला. तो हसत होता. "ताई, शेवटच्या पानावरची तारीख छापखान्याची चूक आहे का हो? का खरंच तेव्हापासून ठाऊक होतं?" पाठोपाठ कळलं की त्या शाळेतल्या मास्तराने ते शेवटचं पान आणि दादाचं ते चष्म्याच्या नंबराचं उत्तर एका कागदावर शेजारी शेजारी छापून सगळ्यांना पाठवलंय. दोन्हींखाली आपापली तारीख. वर स्वतःचं एक अक्षर लिहिलं नव्हतं त्याने.

फोन येणं बंद झालं तेव्हा दादाला शंका आली.

"शेवटचं पान काढ," तो म्हणाला. "काय छापलंय, वाच."

मी वाचलं. "अमरवेल. मूळ: बी रुजताना असतं, आधार मिळाला की वाळून जातं. पानं: नाहीत." त्याखाली चौकटीत चिठ्ठी. "ओळख पटवणारा," आणि त्याचं संपूर्ण नाव, पदव्यांसकट.

"तारीख?"

मी काहीही सांगू शकले असते. गेल्या महिन्याची सांगितली असती तर तो गोड मानून झोपला असता. त्याला कोण दाखवणार होतं? सख्खा भाऊ माझा, लहानपणी सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. पण मला चादरीचं टोक न सोडणारे तिचे हात आठवले. मी चष्मा पुसला आणि तारीख वाचली. दिवस, महिना, वर्ष, सावकाश.

तो खुर्चीत लहान झाला.

थोड्या वेळाने म्हणाला, "कागद घे. चिमटीला लिहायचं. तारीख चुकून पडलीय, शुद्धिपत्र काढ म्हणावं. लिही."

मी कागद घेतला. तो सांगत गेला. आधी कडक भाषेत, सर लिहितात तशी. मग मध्येच आवाज बदलला. तू लहान असताना एकदा सहा पाकळ्या मोजल्या होत्यास, त्या बरोबर होत्या, असं काहीतरी सांगायला लागला. मग म्हणाला, शेवटी 'बाबा' लिही, 'सर' नको. मी पेन कागदावर फिरवत होते. कागदावरून पेन सरकल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता, कान शाबूत आहेत त्याचे. पेनचं टोपण मी काढलंच नव्हतं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"आजच टाक."

"टाकते."

कोरा कागद घडी घालून मी शिवणाच्या डब्यात ठेवला. आता तो रोज सकाळी टपालाच्या वेळी खुर्ची दाराशी ओढून बसतो, मान तिरकी करून. पावलं वाजली की विचारतो, "आलं का गं उत्तर?"

"अजून नाही," मी म्हणते. अगदी मृदू आवाजात म्हणते.